मोटरी उठवणारे मास्तर

मास्तर कुणाच्या बाजूचे होते, हे मला अजून सांगता येत नाही. पत्रक लिहायचं म्हटलं की मला आधी बाजू लागते. हा आपला, तो त्यांचा, आणि मधे जो कोणी उभा असेल तो लबाड. एवढं ठरलं की माझी लेखणी धावते. मास्तरांवर लिहायला मी कितीदा तरी बसले आणि दर वेळी पहिल्याच वाक्यात अडकले. तेव्हा हे पत्रक नव्हे. आठवतं तसं लिहिते आहे, बाजू वाचणाऱ्यानं ठरवावी.

दुष्काळात आमच्या संघटनेनं मला संगमनेरजवळ, प्रवरेच्या काठावरच्या एका गावात धाडलं. निम्मं गाव खडी फोडायच्या कामावर जात होतं. तिथं सावली नव्हती, प्यायला पाणी नव्हतं, आणि सुकडी म्हणून जे वाटत होते ते गुरांनीही हुंगून सोडलं असतं. मी चिडायलाच गेले होते आणि चिडण्यासारखं भरपूर होतं. फक्त राहायला जागा नव्हती. एकट्या पोरीला, त्यातून पत्रकं वाटणारीला, कोण खोली देणार? मास्तरांनी दिली. त्यांनी जात विचारली नाही, लग्न का झालं नाही तेही विचारलं नाही. सकाळी उठल्यावर पहिलं काय करता, एवढंच विचारलं. मी म्हटलं, चहा पिते.

"चूक," ते म्हणाले. "पहिलं तुम्ही डोळे उघडता. विचार करून सांगत चला." आणि किल्ली हातावर ठेवली.

मिशनच्या शाळेत शास्त्र शिकवून ते निवृत्त झालेले. जन्म त्याच गावच्या खालच्या वस्तीतला. आजोबांच्या काळात घर ख्रिस्ती झालं, नातू शिकला, आणि म्हातारपणी त्यानं घर बांधलं ते वस्ती आणि गाव यांच्या बरोबर मधे. पुढचं दार गावाकडे, मागचं वस्तीकडे. मला ते घरच संशयास्पद वाटायचं. भर उन्हाळ्यात अंगात कोट, आणि कोटाच्या खिशांत स्क्रू, घंटेची तार, सुतळीचे तुकडे. मास्तर खुर्चीत बसले की आधी खिसे वाजायचे, मग खुर्ची.

लाईट गेली की सगळं जग बटणं बंद करतं. मास्तर उठून चालू करायचे. दिवा, पंखा, रेडिओ, सगळं चालू करून अंधारात हात मांडीवर ठेवून बसायचे, गाडीची वाट बघितल्यासारखे. लाईट आली की आधी स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग पंखा. पंख्यानं वेग घेतला की रेडिओ, तोही कुणाच्या तरी भाषणाच्या मधेच. एकदा आमचा कार्यकर्ता भेटायला आला होता, तो दचकून उभाच राहिला. बाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, भाकरी थापता थापता त्याला म्हणाल्या, "बसा हो. आमच्याकडं भुतंसुद्धा रांगेनं येतात."

ही रांग कशासाठी, असं मी विचारलं, ती चूकच झाली. मास्तरांनी मला समोर बसवून वर्ग घेतला. मिशनच्या बंगल्यावर अमेरिकेतून जुनी मासिकं यायची, त्यांत त्यांनी विजेवर चालणाऱ्या गणकयंत्रांबद्दल वाचलं होतं. त्या यंत्राची लाईट गेली की त्याला काही आठवत नाही म्हणे. आपण कोण, कुठं, कशासाठी, काही नाही. लाईट आली की त्याला फक्त एक छोटा आदेश ठाऊक असतो: पुढचा आदेश वाच. मग तो पुढचा आदेश कुणाला तरी उठवतो. उठलेला दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला. असे एकेक कामकरी उठतात, आपापल्या जागी उभे राहतात, आणि मग कुठं यंत्र चालू झालं असं माणसं म्हणतात. कोणी बटण दाबत बसत नाही.

मला एवढंच कळलं की कुठंतरी कामकरी आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही. त्यांची संघटना आहे का, असं मी विचारलं.

"संघटनाच आहे ती," ते म्हणाले. "फक्त ते एकदम उठत नाहीत. तुमच्यासारखे."

माझ्या पत्रकाबद्दलही त्यांचं हेच म्हणणं होतं. मी लिहिलेलं पत्रक त्यांनी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून वाचलं आणि म्हणाले, मागण्या चांगल्या आहेत, पण सगळ्या एकाच दारातून धावतायत. ही टिंगल की सल्ला, मला कळेना. मी ताटावरून उठले. बाईंनी भाकरी झाकून ठेवली.

आता गावातल्या मोटरींचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नदीत पाणी नव्हतं, पण काठावरच्या विहिरींत थोडंफार होतं, आणि विहिरींवर मोटरी होत्या. एक पाटलाची, सगळ्यांत मोठी आणि नवी. मग चारदोन बागायतदारांच्या. आणि सगळ्यांत लहान ग्रामपंचायतीची, खालच्या वस्तीच्या टाकीत प्यायचं पाणी चढवणारी. या सगळ्या एकाच डीपीवर, म्हणजे खांबावरच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर होत्या. लाईट कधी येईल याचा नेम नव्हता. आली तरी किती टिकेल ते वीज मंडळालाही माहीत नसावं. लाईट गेली की स्टार्टरचा दांडा सुटतो, आणि आली की कुणीतरी जाऊन तो परत ओढावा लागतो. दिवसभर विहिरीवर कोण बसणार? म्हणून सगळ्यांनी एकच युक्ती केली होती. दांडा सुतळीनं करकचून बांधून ठेवायचा, लाईट आली की मोटर आपली आपण उठते. प्रत्येकाला वाटायचं, ही अक्कल आपल्यालाच सुचली. लाईट यायची, सगळ्या मोटरी एका दमात उठायच्या, डीपीवर फाटकन आवाज व्हायचा आणि फ्यूज जायचा. मग संगमनेरहून वायरमन येईपर्यंत सगळे कोरडे. बागायतदारांचा ऊस सुकायचा. वस्तीतल्या बायका नदीच्या वाळूत झिरे खणून वाटी वाटीनं पाणी भरायच्या. पाणी गढूळ. त्या महिन्यात वस्तीत पोरांना जुलाब लागले होते आणि एक पोर गेलं होतं. मला संताप कशाचा यायचा ते यावरून समजा.

सगुणाबाई त्या वस्तीतलीच. खडीच्या कामावर आमच्या बायकांची ती पुढारी, आणि मास्तरांची चुलत बहीण. माझ्याशी ती आईसारखी वागायची आणि मास्तरांशी वकिलासारखी.

मास्तरांनी गावाला नवी रीत सांगितली, घरातल्या दिव्या-पंख्याच्या रांगेचीच. तुपाचे रिकामे डबे, त्यांत प्रवरेची वाळू. प्रत्येक स्टार्टरवर एक आडवी फळी, फळीच्या एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला वीट. लाईट आली की शाळेच्या जुन्या विजेच्या घंटांतलं एकेक लोहचुंबक डब्याखालची खुंटी ओढणार, वाळू गळायला लागणार, डबा हलका झाला की वीट खाली बसणार आणि दांडा ओढला जाणार. वाळू कमी त्याची मोटर आधी, वाळू जास्त त्याची नंतर. एक उठून स्थिरावली की दुसरी. फ्यूज जायचं कारण नाही. फक्त प्रत्येक वेळी लाईट गेली की कुणीतरी फिरून सगळे डबे परत भरायचे. ते काम मास्तरांनी स्वतःकडे घेतलं. डोक्याला टॉवेल, अंगात कोट, हातात वाळूची बादली, असं ध्यान भर दुपारी बांधावरून फिरताना दिसायचं.

गावानं मान्य केलं, आणि लगेच भांडण लागलं. पहिली कोण? पाटील स्वतः मास्तरांच्या ओट्यावर आले.

"पोळ्याला आमच्या बैलाआधी कुणाचा बैल वेशीत शिरलाय का मास्तर? मंग मोटर कशी शिरंल?"

मी दारातच उभी होते. मला वाटलं, आता मास्तर शास्त्र सांगतील, पिण्याचं पाणी आधी म्हणतील. मास्तर हात जोडून म्हणाले, मान पाटलांचाच, तुमच्या डब्यात वाळूच घालत नाही, लाईट आली रे आली की पहिली तुमची. त्यामागं बागायतदार, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. आणि वस्तीची मोटर शेवटी.

मी त्या दिवशी मास्तरांना नाही नाही ते बोलले. ज्या वस्तीत जन्मलात तिलाच शेवटी बसवलंत, हा कोट तुम्हाला कुणी शिवून दिला ते आता कळलं, असलं बरंच. ते ऐकून घेत होते. शेवटी मी विचारलं, शेवटी का, तेवढं तरी सांगा.

"शेवटच्याला दिसतं," ते म्हणाले, "पुढच्यांचं काय झालं ते."

हे काय उत्तर झालं?

सगुणाबाईनं मागच्या दारातून त्यांना वेगळं सुनावलं. "आमच्या मोटरीला म्हातारपण आलंय व्हय भाऊ, समद्यांच्या मागं चालायला?" मास्तर तिलाही हो म्हणाले. त्यांना कुणी काही म्हटलं की ते हो म्हणायचे, आणि पुढं करायचे वेगळंच, की तेच, हेही धड कळायचं नाही.

फ्यूज जायचा थांबला, हे मात्र खरं. वस्तीला पाणी मिळू लागलं. पण रोज नाही. कितीदा तरी पुढच्या मोटरी चालायच्या, वस्तीच्या डब्यातली वाळू गळत असायची, आणि तिची पाळी यायच्या आत लाईट जायची. बायका कोरड्या टाकीखाली हंडे घेऊन उभ्या.

मग एका दुपारी लाईट आली ती डोळे मिचकावत. आली, गेली, आली, पुन्हा अर्धी गेली. पाटलाची मोटर पहिल्या झटक्याला उठली, घरघरली, आणि विहिरीतून जळक्या रोगणाचा वास आला. आतल्या तांब्याच्या तारेचं वाइंडिंग जळालं. बाकीच्यांची वाळू अजून गळत होती. त्यांची पाळी आली तोवर लाईट स्थिरावली होती. पाटील तरातरा आले आणि मास्तरांना म्हणाले, तुम्ही मुद्दाम केलंत.

"पाटील, मान तुम्ही मागितलात," मास्तर म्हणाले. "मी दिला."

त्या दिवशी मी मनातून नाचत होते. घरात शिरल्यावर हळूच विचारलं, मुद्दामच ना मास्तर? ते खिशातले स्क्रू टेबलावर मांडत बसले. मला म्हणाले, मुद्दाम करण्याइतकं मला वीज मंडळाच्या मनातलं कळतं का? मी म्हटलं, म्हणजे नाही? तर म्हणाले, तसंही नाही.

पाटलाची मोटर नवं वाइंडिंग भरायला संगमनेरला गेली. मी म्हटलं, आता पाटलाची जागा रिकामी झाली, प्रत्येकाची थोडी थोडी वाळू कमी करा, वस्तीची पाळी लवकर येईल. साधी गोष्ट. पण पाटलांनी निरोप धाडला, "मोटर गावाला गेलीया, मान न्हाई गेला." आणि मास्तरांनी तो मानला. पाटलाचा डबा पहिल्या जागी तसाच रिकामा टांगलेला, खाली मोटर नाही, आणि लाईट आली की ती नसलेली मोटर उठून स्थिरावेपर्यंत सगळं गाव थांबतंय. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या नसलेल्या मोटरीपायी वस्तीतली पोरं गढूळ पाणी पीत होती. मी संतापून पत्रक लिहायला घेतलं. मोर्चा मामलेदार कचेरीवर न्यायचा, मागणी एकच: वस्तीचं पाणी आधी.

त्याच सुमारास मास्तरांचं आंत्रगळाचं दुखणं वाढलं आणि त्यांना ऑपरेशनला नगरला न्यावं लागलं. डबे कोण भरणार, हा प्रश्न आला. मी पुढं झाले. माझं शिक्षण आहे, मला सगळं समजावून सांगा म्हटलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मागच्या दाराशी सगुणाबाई उभी होती, तिच्या हातात त्यांनी बादली दिली. कुणाच्या डब्यात किती वाळू, एक अक्षर सांगितलं नाही. "भरत जा," एवढंच म्हणाले, आणि टांग्यात बसले. मला राग आला तो आला, पण त्याहून जास्त काही कळेना झालं. ज्या कामासाठी हा माणूस महिनाभर उन्हात फिरला, ते असं न सांगताच सोडून जातो?

सगुणाबाईनं भरायला सुरुवात केली. पाटलाचा डबा तिनं रिकामाच ठेवला, पहिला, मानाचा. त्याखाली मोटरच नव्हती. वस्तीच्या डब्यात तिनं फक्त चार मुठी वाळू टाकली, लाईटीचे डोळे मिचकावून होतील एवढीच. बाकीच्यांना पहिल्यासारखी, वर थोडी जास्त. लाईट आली. पाटलाचा मान झाला. आणि पाठोपाठ वस्तीची मोटर उठली.

टाकी भरून वाहिली. वस्तीतल्या बायका दबक्या हातांनी हंड्यावर हंडा लावत होत्या, कुणी ऐकलं तर पाणी बंद होईल अशा.

बागायतदारांना कळायला बरेच दिवस गेले. डबे कोण बघतंय? कळल्यावर त्यांच्यातला एक सगुणाबाईला बांधावर आडवा आला आणि म्हणाला, आमच्या आधी वस्ती कशी? मी पत्रकाचा गठ्ठा काखेत मारून तिच्या मदतीला धावले, पण तिला माझी गरज नव्हती.

"मान पाटलाचा, त्याला म्या हात लावला न्हाई," ती म्हणाली. "तुमचा मान कुनी ठरीवला? पायजे तर ही घ्या बादली. उन्हात फिरा, समद्यांची वाळू भरा, आन सोताला पयलं बसवा."

बादली तिनं त्याच्यापुढं धरली. तो बादलीकडे बघत राहिला. वस्तीतल्या बाईच्या हातची बादली घेऊन, भर दुपारी, लोकांचे डबे भरत फिरायचं. त्याचा हात पुढं झाला नाही. तो घरी गेला.

मी एसटीनं नगरला गेले, दवाखान्यात मास्तरांना हे सगळं सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, पाटलांचा डबा? मी म्हटलं, रिकामाच, पहिला. त्यावर ते हसले ते टाके दुखेपर्यंत, बाईंनी मला डोळे वटारले. मग मी सरळ विचारलं, हे इतकं सोपं होतं तर तुम्ही का नाही केलंत?

मास्तर गंभीर झाले. "मला सुचलं नाही," ते म्हणाले.

खोटं बोलत होते की खरं? मी पुढं कितीदा तरी ते तोंड आठवून पाहिलंय. खरं असेल तर मग त्यांनी बादली तिलाच का दिली? खोटं असेल तर माझ्याशी खोटं बोलायची गरज काय होती?

गावात परत आले तोवर पाटलाची मोटर भरून आली होती आणि पहिल्या जागी बसली होती. वस्तीची तिच्यामागं, पाणी चालू. मी मोर्च्याची पत्रकं बांधून ठेवली. सगुणाबाईनं विचारलं, मोर्चा कधी? मी म्हटलं, आता कशाला, पाणी तर आलं.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच पाटलाची माणूस.

"पानी आलं म्हंजी मोर्चा न्हाई व्हय? आन वाळू काय म्या जलमभर भरू? खडी फोडून आल्यावर? भाऊनं भरली, त्यो म्हातारा म्हून कुनी बोललं न्हाई. आता मी भरती तर कुनाला दिसत बी न्हाई. लाईट आली, मोटर उठली, समदे म्हंत्यात आपोआप उठली."

मागणी बदलली. वाळू भरायला पगारी माणूस, आणि वस्तीची जागा कायमची. मास्तर तोवर घरी परतले होते, ओट्यावर बसून होते. चालायची बंदी होती, पण बसल्या जागेवरून माणसांना सांगून कामं करून घेता येत होती. मी त्यांना मोर्च्याचं सांगितलं. ते हो म्हणाले. आदल्या दिवशी सगुणाबाईनं वस्तीतलं एकेक भांडं, अगदी पातेली आणि तांबेसुद्धा, भरून ठेवायला लावलं. कशाला, ते मी विचारलं. ती म्हणाली, असू द्या ताई.

दुसऱ्या दिवशी आम्ही संगमनेरला गेलो. वस्ती रिकामी. मामलेदारांनी निवेदन घेतलं, चहा विचारला, आश्वासन दिलं. नेहमीसारखं. संध्याकाळी परत आलो तर गावात गलका. दुपारी लाईट आली होती. डबे कुणी भरले नव्हते, विटा सगळ्या आधीच खाली बसलेल्या. सगळ्या मोटरी एका दमात उठल्या, पाटलाची नवी भरलेली मोटरही, आणि डीपीचा फ्यूज गेला. फक्त वस्तीत घरोघरी पाणी भरलेलं होतं.

पाटील अंधार पडायच्या आत वस्तीत आले. कुणाच्या उंबऱ्याच्या आत नाही शिरले, पण आले. सगुणाबाईशी बोलले. दुसऱ्या दिवशी पंचायतीत ठरलं: डबे भरायला पगारी बाई, सगुणाबाई, आणि वस्तीची मोटर पाटलाच्या पाठोपाठ, कायमची. मामलेदाराचं आश्वासन अजून वाटेत आहे.

हे ठरल्यावर मी मास्तरांच्या ओट्यावर गेले. लाईट आली तेव्हा डब्यांचं कळणारे ते एकटेच गावात होते. डबे भरलेले नाहीत हे त्यांना माहीत होतं. बसल्या जागेवरून कुणालाही हाक मारून त्यांनी भरून घेतले असते. फ्यूज जाईल हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाटलांचा माणूस डबे कोण भरणार ते त्यांना विचारायलाही आला होता म्हणे, आणि त्यांनी त्याला सगुणाबाईला विचार, ती मोर्च्याला गेलीय, असं सांगून वाटेला लावलं होतं. मोर्चे, संप, घोषणा यांना हसणारा हा माणूस. मी म्हटलं, मास्तर, एकदाच सरळ सांगा, तुम्ही वाळू का भरून घेतली नाहीत?

मास्तरांनी कोटाची बटणं लावली.

"मी संपावर होतो," ते म्हणाले.